एसी रात्रीच का घुमतो?

आजचा विषय ऐकून हसाल, पण एसीच्या आवाजावरून एकाच बिल्डिंगमधली दोन घरं दीड महिना एकमेकांशी बोलत नव्हती, हे मी जवळून पाहिलंय.

आधी एक सांगते. खिडकीबाहेर लटकलेला तो पत्र्याचा डबा, ज्याला आपण आउटडोअर म्हणतो, तो घरातली उष्णता उचलून बाहेर टाकायच्या कामाला असतो. युरोपात हेच यंत्र उलटं चालवून घर गरम करतात आणि त्याला हीट पंप म्हणतात. म्हणजे तुम्ही म्युनिकला बसून ऐकत असलात, तरी पुढचं बरंचसं तुम्हालाही लागू आहे. फक्त तुमचं मशीन कडक थंडीत मधेच फुस्स करून वाफ सोडतं ना, तो बिघाड नाही. ते स्वतःवर जमलेला बर्फ वितळवत असतं.

तर, माझी ताई डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "अगं, रात्री दीड-दोनला घूंऽऽ सुरू होतं, पलंग थरथरतो." काकांची बायपास होऊन जेमतेम दोन महिने झालेले, एकदा झोप मोडली की पहाटेपर्यंत लागायची नाही. ताई म्हणायची, "काकू, आमच्या खोलीत काहीच ऐकू येत नाही हो." मेकॅनिक आला तो संध्याकाळी सातला. त्यानं एसी फुल कूलिंगवर लावला, कान दिला आणि म्हणाला, "नॉर्मल आहे." मग सोसायटीकडे अर्ज गेला आणि जिन्यात भेटल्यावर माना वळायला लागल्या.

यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.

आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, म्हणजे पंख्याचा घोंघाट. खिडकी लावली की तो कमी होतो. दुसरा भिंतीतून. कॉम्प्रेसर थरथरतो, त्यानं ब्रॅकेट थरथरतं, ब्रॅकेटचे बोल्ट भिंतीत, भिंत स्लॅबला जोडलेली. हा आवाज खिडकी लावून जात नाही, आणि मशीन ज्याचं आहे त्याच्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त त्रास देऊ शकतो.

आता रात्रीच का? जुना, साधा एसी एकाच वेगानं चालतो, मिनिटाला तीन हजाराच्या किंचित खाली फेरे. इन्व्हर्टर तसा नसतो. संध्याकाळी खोली तापलेली असते तेव्हा तो जोरात पळतो. मध्यरात्री खोली गार झाली की हळू होतो. आणि बाहेरचा डबा, ब्रॅकेट आणि खालचं रबर मिळून एक झोपाळा असतो. प्रत्येक झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत बोट लावलंत तरी झोका चढतो, लय चुकवून कितीही ढकला, चढत नाही. कॉम्प्रेसर हळू होत होत नेमका त्या लयीवर आला की घूंऽऽ. संध्याकाळी सातला मेकॅनिकला काय ऐकू येणार?

हे शोधायला फोन पुरतो. फायफॉक्स नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं. फोनच्या आत हालचाल मोजणारा सेन्सर असतो, तो हे अ‍ॅप वापरतं. त्यात अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम नावाचा पर्याय आहे. काकूंची परवानगी घेऊन मी रात्री दोन वाजता त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर फोन आडवा ठेवला. (काकूंनी चहा केला. ताईशी अबोला होता, माझ्याशी नव्हता.) आलेखात 24 हर्ट्झला एक सुळका. ताईला फोन करून एसी बंद करायला लावला, सुळका गायब. ही बंद-चालूची खात्री कराच, कारण कित्येकदा चोर एसी नसतोच, पाण्याचा पंप निघतो.

24 हर्ट्झ कानाला जेमतेम जाणवतं. आपण ऐकतो ते त्याच्या दुपटी-तिपटी, शिवाय थरथरणारी काच आणि पलंग. म्हणून डेसिबल मोजून भांडण सुटत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 ही मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ज्या पद्धतीनं हे मोजतात ती इतका खोल आवाज फारच कमी धरते. आकडा नियमात आणि काका जागे.

मग दुसरा मेकॅनिक बोलावला, यावेळी आलेख दाखवून. त्यानं एसी कमी वेगावर येईपर्यंत वाट पाहिली, हे मला फार आवडलं. मग दोरी बांधून बाहेर उतरला. पायांखाली रबर होतं, पण नट इतके आवळलेले की रबराची चपाती झालेली आणि बोल्टमधून धातूला धातू भिडलेला. म्हणजे रबर नुसतं दाखवायला. त्यात ब्रॅकेटचा एक अँकर ढिला.

लोक इथे एक गंमत करतात. बाजारातून जाड, टणक रबर आणून खाली सरकवतात आणि कधीकधी आवाज वाढतो. हिशोब सोपा आहे. मशीनच्या वजनानं रबर किती मिलिमीटर दबलं ते बघा. एक मिलिमीटर दबलं तर लय साधारण 16 हर्ट्झ, चार दबलं तर साधारण 8. मशीनचा वेग या लयीच्या जवळजवळ दीडपट पुढे असला तरच रबर थरथर अडवतं. त्याच्या आत असला तर उलट वाढवतं. म्हणजे 24 हर्ट्झसाठी एक मिलिमीटर अगदी काठावर. आम्ही मऊ रबर घेतलं, जवळपास तीन मिलिमीटर दबणारं. नटाखालीही रबरी वॉशर, नट बेताचा आवळून वर दुसरा नट, म्हणजे सुटायला नको. ढिला अँकर काढून नवा ठोकला. तांब्याची पाइप ग्रिलला टेकत होती, तिथे फोम गुंडाळला. पाइप हातानं वाकवू मात्र नका. पिचली तर गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच मशीनमधला आर-32 गॅस थोडासा ज्वालाग्राहीही असतो.

त्या रात्री पुन्हा फोन ठेवला. सुळका होता, पण पहिल्याच्या पाव उंचीचा. काकू म्हणाल्या, "येतो अजून, पण बारीक." काका झोपले होते, त्यामुळे त्यांचं मत विचारता आलं नाही. अर्ज अजून मागे घेतलेला नाही, पण परवा ताईकडे खालून आळूवड्या आल्या.

एक राहिलं. हे वाचून कुणी खिडकीतून वाकून नट फिरवायला जाऊ नका. तीसेक किलोचं धूड आहे ते, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ब्रॅकेट आतून गंजलेलं असू शकतं. फोन तुम्ही ठेवा, आलेख तुम्ही काढा. बाहेर दोरी बांधलेला माणूसच उतरू दे, आणि त्याला रात्री उशिराचे पैसे मागितले तेवढे द्या.