दुखणे मागे, आखडणे पुढे

वह्या तपासण्याचा हंगाम आला की खुर्चीतून उठताना शिक्षकांच्या तोंडून जो 'आई ग' निघतो, त्याविषयी आज थोडे बोलणार आहे. दोन वर्षांपूर्वी मी रोज चार-चार तास एका बैठकीत पेपर तपाशीत असे. उठलो की पहिली दहा पावले वाकूनच पडत. दुखणे कमरेत, म्हणून उपायही मागेच चालले होते: शेक, बाम आणि रोज सकाळी वाकून पायांचे अंगठे धरणे. गुण येईना.

अखेर भौतिकोपचार करणाऱ्या एका बाईंनी मला खाटेच्या कडेशी उताणे निजविले व एक गुडघा छातीशी धरावयास सांगितला. दुसरी मांडी अशा वेळी गादीला टेकून राहावयास हवी. माझी चांगली चार बोटे वर उचलली गेली. हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेल्या ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) या लिव्हरपूलच्या शल्यविशारदाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. साधने काय, तर एक खाट!

मांडी वर उचलणारा मुख्य स्नायू कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघतो, ओटीपोटाच्या आतून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या अंगाने चिकटतो. आपण बसतो तेव्हा तो दुमडलेला असतो. तासन् तास तसाच राहिला की ताठरतो. मग उभे राहताना कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतो, कमरेचा बाक वाढतो आणि मागच्या लहान सांध्यांवर भार पडतो. अंगठे धरताना खुब्याचा सांधा पुन्हा दुमडतोच. तेव्हा हा स्नायू ताणला जाणार कसा?

ताण देण्याची रीत अशी. घडी केलेल्या कांबळ्यावर उजवा गुडघा टेकावा, डावे पाऊल पुढे ठेवावे. दोन्ही गुडघे काटकोनात. वेदीपुढे एक गुडघा टेकण्याची सवय असल्याने मला हे सोपे वाटले, आणि तेथेच फसलो. मी छाती काढून पुढे झुकत होतो. त्याने कंबर मात्र अधिक वाकते, स्नायू सुटून जातो. आधी उजवा कुल्ला आवळावा, माकडहाड खाली आत घ्यावे, जणू कमरपट्ट्याचे बक्कल छातीकडे उचलले जात आहे. आणि मग धड ताठ ठेवूनच जेमतेम चार बोटे पुढे सरकावे. ताण उजव्या जांघेत पुढच्या बाजूस जाणवला पाहिजे. कमरेत जाणवला तर रीत चुकली. श्वास न कोंडता अर्धा मिनिट थांबावे, दोन-तीनदा करावे, मग पाय बदलावा. हिसके देऊ नयेत. गुडघे दुखत असतील त्यांनी वर सांगितलेल्या खाटेच्या कडेशीच निजून, एक गुडघा छातीशी धरून, दुसरा पाय खाली सैल सोडावा.

प्रत्येक कंबरदुखी या स्नायूचीच असते असे मुळीच नाही. पायात मुंग्या वा बधिरपणा उतरत असेल, ताप असेल, पडल्यानंतर दुखू लागले असेल, किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मला सहाएक आठवड्यांनी सरळ उठता येऊ लागले. त्यातले श्रेय ताणाचे किती आणि दर दहा पेपरांमागे उठून अंगणात फेरी मारण्याचे किती, हे सांगणे कठीण. फेरी मी अजून सोडलेली नाही; घरची मुले हसतात, पण पेपर मोजून तीच हाक मारतात.