काचपेटीतला आजारी मासा

डब्लिनच्या दक्षिणेला, लुआस ट्रामच्या ग्रीन लाइनवर चेरीवूड आहे. तिथल्या तुमच्या फ्लॅटमधल्या छोट्या टाकीतला मासा अचानक मलूल झाला, तर आधी औषध शोधू नका, पाणी तपासा. लहान टाकीत उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांतून अमोनिया झपाट्याने वाढतो आणि माशाचे कल्ले जाळतो. चाचणीत तो शून्यच हवा. दिसला, तर पाव ते निम्मं पाणी लगेच बदला. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून ते काढणारं द्रावण घाला. आयर्लंडच्या हिवाळ्यात हे पाणी फार गार येतं. टाकीच्या तापमानाला आणूनच ओता. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर तो ‘व्हाइट स्पॉट’. त्याचा परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच औषधाने मरतो, माशाच्या त्वचेखाली नाही. म्हणून ठिपके गेले तरी औषधाची मुदत पूर्ण करा, आणि फिल्टरमधला कोळसा आधी काढून ठेवा. प्रतिजैविकं मात्र आयर्लंडमध्ये पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच मिळतात. आणि कळकळीची विनंती: आजारी मासा जवळच्या ब्राइड्स ग्लेनच्या ओढ्यात कधीही सोडू नका.