आपल्या भांडणातले पिक्चर
(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी समीक्षक नाही. फिल्म सोसायटीत बसून फ्रेमा मोजणारा तर नाहीच नाही. तिकीट काढून, नाहीतर मोबाईलवर तुकड्यातुकड्यानं पिक्चर बघणारा माणूस. तेव्हा बोलेन ते सरळ बोलेन. पटलं नाही तर मधेच हात वर करा, मला राग येत नाही.

विषय दिलाय तो असा, की ज्यांची किंमत झाली नाही आणि ज्यांच्यावरून आपल्या-आपल्यातच जुंपली, असे पिक्चर. लांब कशाला जायचं? 'झुंड' घ्या. नागराज मंजुळेचा, मार्च २०२२ मध्ये आलेला. २०१६ साली 'सैराट'ची गाणी पाठ करून तीन-तीनदा थेटरात गेलेली आपली पोरं 'झुंड'चं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. एक म्हणतो, आमची पोरं गर्दुल्ली दाखवली, चेन खेचणारी दाखवली, बदनामी केली. दुसरा म्हणतो, उद्धार करायला पुन्हा वरूनच कुणीतरी आलं, आणि तेही अमिताभ बच्चन! तिसऱ्याचं काही म्हणणं नाही, त्याला फक्त पिक्चर लांबला.

बदनामीची भीती मला कळते. चौकीत वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याची नजर कशी फिरते, हे इथं कुणाला शिकवायला नको. पण आपलं पोर पडद्यावर धुतल्या तांदळासारखं असलं तरच त्याला माणूस म्हणायचं, ही अट कुणाची? आपली नाही. ती पांढरपेशांची अट आहे आणि फार जुनी आहे. १९३६ च्या 'अछूत कन्या'त देविका राणी आगगाडीखाली जाते. १९५९ च्या 'सुजाता'त नूतन किती गुणी, किती सोशिक! एवढं असून शेवटी रक्त द्यावं लागलं, तेव्हा कुठं ती घरची लेक झाली. म्हणजे चांगलं वागून मरा, नाहीतर चांगलं वागून रक्त द्या. 'झुंड'मधला डॉन असलं काही देत नाही. तोंडात शिवी, खिशात चोरीचा माल, आणि तशातच पायाशी चेंडू येतो. आधी सुधरा मग खेळा, असं तो मास्तर म्हणत नाही. उलट खेळायचे पैसे मोजतो! आपल्याला नेमकं हेच झोंबलं की काय, मला शंका आहे.

आता अमिताभ. हे भांडण खरं आहे, पण त्याची मुळं मागं जातात. १९७३ चा 'जंजीर', १९७५ चा 'दीवार'. सगळा देश म्हणाला, बघा, संतापलेला तरुण! त्या संतापाचं नाव विजय. आडनाव? एकदा खन्ना, एकदा वर्मा. त्याच मुंबईत १९७२ ला पँथर उभी राहिली होती, १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली होती. रस्त्यावरच्या त्या संतापाला लाठ्या मिळाल्या, पडद्यावरच्या संतापाला शिट्ट्या. आपल्या बापानं त्या शिट्ट्या मारल्यात, पिटात बसून मारल्यात. मग साडेचार दशकांनी तोच माणूस पुन्हा विजय म्हणून येतो. विजय बोराडे, नागपूरचा मास्तर. (खरे गृहस्थ विजय बारसे, नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल उभा करणारे.) पोरं त्याच्या घरी बसतात आणि एकेक जण आपली कहाणी सांगतो. बच्चन गप्प! अख्ख्या पिक्चरमधली माझी सगळ्यात आवडती जागा ती. ज्याच्या नावावर राग जमा झाला होता, तो खऱ्या राग असलेल्यांचं ऐकत बसलाय.

ही गप्प बसण्याची ताकद मंजुळेनं शेवटपर्यंत टिकवली असती तर मी काहीच बोललो नसतो. पण कोर्टात पुन्हा भाषण मास्तराच्याच तोंडी. पोराला का नाही बोलू दिलं? आणि जयंतीचा तो प्रसंग. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं बच्चन हात जोडतो, तो फोटो आपण किती फिरवला! हिंदी पिक्चरमध्ये जयंतीचा नाच एवढा दणक्यात यावा याचा आनंद मलाही झाला, खोटं का बोलू. पण एका नमस्कारावर आपण एवढे खूश होतो, म्हणजे आपली उपासमार केवढी असेल.

पिक्चर लांबला म्हणणाऱ्याशी मात्र माझं अजिबात पटत नाही. मध्यंतरानंतर चेंडू बाजूला पडतो आणि कागद सुरू होतात. परदेशी खेळायला जायचं तर पासपोर्ट हवा. डॉनवर केस. रिंकू राजगुरूनं केलेली गोंडाची पोरगी मोनिका, तिच्याकडं ओळखीचा कागदच नाही. बाप-लेक या दारातून त्या दारात. चेंडू जात विचारत नाही, टेबलावरचा माणूस विचारतो. ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी चपला झिजवल्यात, १० ऑगस्ट १९५० च्या आधी आजा कुठं राहत होता याचा पुरावा शोधलाय, त्यांना हे लांबलं वाटावं? त्या आज्याला घर नव्हतं, तर पुरावा कुठला! ती लांबण हाच तर आपला रोजचा दिवस.

असाच 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ साली लागला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आपल्या वस्तीत दहा जणांनी पाहिला, त्यातले सहा झोपले. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप काय, तर याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. शाहीर झाले नागपूरचे वीरा साथीदार, 'विद्रोही'चे संपादक, चळवळीतलाच माणूस. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. पोवाडा नाही, टाळ्यांचं वाक्य नाही. तारीख, पुढची तारीख, पुढची तारीख. बाईनं बिनबाह्यांचा ब्लाऊज घातला म्हणून जज तिची केसच घेत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करते, तीही राक्षसीण नाही. हेच आपल्याला आवडलं नाही. आपल्याला निळू फुले हवा असतो, ज्याला बघून दात-ओठ खाता येतील.

पण झोपलेल्या सहा जणांनी एक साक्ष पुन्हा बघावी. मेलेल्या कामगाराची बायको सांगते, गटारात उतरायच्या आधी तो आत दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायचं. नाही आली तर नाही. गॅसनं एक डोळा गेला होता. वासासाठी दारू प्यायचा. ती रडत नाही. आवाजही चढवत नाही. नंतर वकील तिला गाडीतून सोडायला जातो, तेव्हा ती त्याच्याकडं काम मागते.

मी हा पिक्चर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आईला घेऊन बसलो. झुरळाच्या जागी ती म्हणाली, "हे बरोबर दाखवलंय," आणि उठून भात बघायला गेली.

'झुंड'वर ज्यांचा दात आहे ते मागं भिंतीला टेकून बसलेत, मला इथून दिसतात. त्यांनी आता पुढं यावं. माईक मोकळा आहे.