मूठभर सुकट, भांडंभर चव

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, आजचं बोलणं चुलीपाशीचंच आहे.

आपल्या केनवडात समुद्र नाही, पण आठवडी बाजारात समुद्र येतो. गोणपाटावर जवळा, बोंबील आणि कधीमधी मांदेली मांडलेली असते. आपण सरसकट 'सुकट' म्हणतो. खरं तर जवळा ही मासळी नव्हेच, तो कोळंबीच्या जातीचा बारीक जीव. मांदेली मात्र मासळी, बोटभर लांब, सोनेरी. परदेशात जिला अँचोव्ही म्हणतात, तिच्याच कुळातली. इटलीत ती खारवून भाजीच्या फोडणीत विरघळवतात, कोरियात सुकवलेली उकळून रश्शाचं पाणी करतात. म्हणजे तिकडेही ती चवीपुरतीच वापरतात.

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर कोळणी ती उन्हात वाळवतात. पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी खाणारी माणसंसुद्धा सुकीवरच भागवतात. त्या साठवणीला तिकडे आगोट म्हणतात. आपल्याकडे त्याच दिवसांत निंदण-खुरपण असतं आणि भाजी महाग झालेली असते.

आता करायचं कसं ते सांगते. मांदेलीचं डोकं मोडून टाका. चाळणीत घोळून वाळू झाडा. फारच वाळू असेल तर धुऊन कडक उन्हात पुन्हा वाळवा. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, चुरचुरीत होऊन सहज मोडली की झालं. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा आणि कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घालू नका, पावसाळ्यात लगेच बुरशी धरते.

तेलात लसूण लाल झाला की दोन चमचे कूट टाका, मग वांगं घाला. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्यांसोबत तर फारच छान लागतं, आंबटात त्याचा उग्रपणा मरतो. बेसनातही चालतं. मीठ मात्र शेवटी, चाखून टाका, कारण मासळी आधीच खारट असते. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांच्यासाठी भाजी वेगळी काढा.

कुटूनच का घालायचं? अख्खी मासळी टाकली की तुकडे कुणाच्या ताटात जातात ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी जेवणारीच्या वाट्याला रस्सा आणि भांड्याचा खरवड. कूट सगळ्या भांड्यात सारखं मिसळतं, ते वेचून घेता येत नाही. सून शेवटी जेवली तरी तिच्या घासात तेवढंच येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दोन चमचे सुकटीने ते भरून निघणार नाही, दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्याच. पण बारीक मासळी काट्यासकट पोटात जाते, म्हणून तिच्यातून चुना मिळतो. आणि मासळीसोबत खाल्लेल्या पालेभाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं.

काही घरांत माळ आहे, तिथे हा विषयच नको. पण 'वास येतो, लोक काय म्हणतील' म्हणून दार लावून भाजणाऱ्या ताया मी पाहिल्या आहेत. लसणाचा वास चालतो, मग हा का नको? भाजा दार उघडं ठेवून.

घेताना हातात घेऊन दाबा. ओलसर, पिवळट, चिकट असेल तर परत ठेवा. वरून एक रुपया कमी केला म्हणून घेऊ नका.

आणि एक. पावशेर पावशेर महागात पडते. गटात पाच-सहा जणींनी मिळून पाच किलो घेतली तर भाव तुटतो. पुढच्या बैठकीला ज्यांना हवी त्यांनी नाव सांगा, आणि येताना झाकणाचा कोरडा डबा आणा.