ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

आज फळ्यावर मी एकच शब्द लिहिला आहे. 'पिन'. वाचला ना सगळ्यांनी? शब्द दोन अक्षरांचा. वस्तूही वीतभर लांबीची. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना बांधून ठेवणारी तीच एक. ट्रॉलीत ऊस असो, कापूस असो, मक्याची पोती असोत, सगळा ओढा त्या वीतभर लोखंडावर येतो. म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

आपल्या भागात आता ट्रॅक्टर फार झाले. पूर्वी असे नव्हते. पैठणला जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. १९७६ साली धरण पुरे झाले. कालव्याला पाणी आले. पाण्यामागून ऊस आला. ऊस कारखान्याला न्यायला आधी बैलगाड्या होत्या, मग ट्रॅक्टर आले. आता तर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेतात. रात्री रस्त्याला उभे राहिले तर बघा, आगगाडी चालल्यासारखी वाटते.

पण बैलगाडी जुंपायची कशी, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले होते. ट्रॉली जोडायची कशी, हे कुणी बसून शिकवले नाही. ज्याने त्याने बघून बघून केले. म्हणून मी बैलगाडीपासूनच सुरुवात करतो.

गाडीत माल भरताना जुनी माणसे काय म्हणत? "मागे भरू नको, गाडी उलाळ होईल." उलाळ म्हणजे काय? मागे वजन जास्त झाले की दांडी वर उठते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते. बैल घुसमटतो. पुढे वजन जास्त झाले तर सगळा भार बैलांच्या मानेवर. मान सोलून निघते. म्हणून शहाणा गाडीवान माल असा लावी, की जुवावर थोडा भार राहावा, फार राहू नये.

दोन चाकांच्या ट्रॉलीचे गणित अगदी हेच आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर, जुवाच्या जागी पिन. माल मागे जास्त भरला, तर ट्रॉलीचा दांडा वर उठू पाहतो. तो पिनेला खालून ढकलतो. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि चिखलात जागच्या जागी फिरतात. सडकेवर वेग घेतला की ट्रॉली शेपटीसारखी डुलू लागते. माल फारच पुढे भरला, तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. स्टेअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. चढणीवर तर पुढची चाके उचलतात. म्हणून निम्म्याहून थोडा जास्त माल चाकांच्या पुढे, बाकीचा मागे.

चार चाकांच्या ट्रॉलीला हा त्रास कमी. तिचे वजन तिचीच चाके पेलतात. दांडा फक्त ओढायचे काम करतो.

अमेरिकेतले शेतकरी पिकअप गाडीच्या मागे ट्रेलर जोडतात. गुरे, घोडे, गवताच्या गठड्या त्यात नेतात. साधा ट्रेलर असेल, तर वीस क्विंटल वजनातले दोन ते तीन क्विंटल जोडावर येऊ देतात. वजन जास्त न्यायचे असेल, तर दुसरी युक्ती करतात. ट्रेलरचा दांडा हंसाच्या मानेसारखा वर उचलून वाकवलेला असतो. तो गाडीच्या शेपटीला जोडत नाहीत. गाडीच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर किंवा जरासा पुढे, एक लोखंडी गोळा बसवतात आणि ती मान त्या गोळ्यावर ठेवतात. मग वीस क्विंटलातले तीन ते पाच क्विंटल गाडीवर आले, तरी तिचे तोंड उचलत नाही. भार चाकांवरच पडतो ना! हौद्याचा पत्रा तो भार पेलणार नाही. म्हणून त्याला भोक पाडून खाली गाडीच्या चेसिसला जाड पट्ट्या नटबोल्टांनी आवळतात. थोडे अंतर चालवले की ते बोल्ट पुन्हा आवळून बघतात. आपल्या वाळूजच्या रस्त्याला कंटेनरचे मोठे ट्रेलर दिसतात, त्यांचाही जोड असाच चाकांवर असतो. तिथे दोन इंच जाडीची पोलादी पिन असते.

आता आपल्या ट्रॅक्टरकडे येऊ. ट्रॅक्टरच्या मागे खाली जी जाड पट्टी असते, तिला आपण टोचन पट्टी म्हणतो. ट्रॉली तिथेच जोडायची. काही जण रुतलेली ट्रॉली काढायला साखळी वर, सीटच्या मागच्या कडीला अडकवतात. हे कधी करू नका. ट्रॅक्टर मागच्या चाकांच्या आसावर फिरतो. आसाच्या खालून ओढले तर तोंड जमिनीला दबून राहते. आसाच्या वरून ओढले तर तोंड आभाळाकडे जाते आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडतो. हे एक-दीड सेकंदात होते. उडी मारायलाही सवड मिळत नाही.

पिन कशी असावी? वर डोके असलेली, म्हणजे भोकातून खाली घसरणार नाही. वरून खाली घालायची. खालच्या टोकाला भोक असते, त्यात कडीची क्लिप अडकवायची. दुकानात तिला लिंच पिन म्हणतात. क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा, तार किंवा सुतळी चालत नाही. पिनेची जाडी भोकाला जुळणारी हवी. भोक मोठे आणि पिन बारीक असेल, तर ब्रेक लावला की ट्रॉली मागून धडकते, निघताना हिसका बसतो. प्रत्येक हिसक्याला भोक आणखी खाल्ले जाते. गोल भोक अंड्यासारखे लांबट दिसू लागले, की ते भरून नीट करून घ्यावे किंवा पट्टी बदलावी. नुसती जाड पिन आणून भागत नाही.

आणि स्लॅबच्या सळईचा तुकडा म्हणजे पिन नव्हे! हे मी जोरात सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या शेजारच्या वाडीत कापसाची ट्रॉली अशाच तुकड्यावर चालत होती. एका वर्कशॉपवाल्याने तो कापून दिला होता. त्याला डोके नाही, खाली क्लिप नाही. साखळीही नव्हती. रस्त्यावरच्या गतिरोधकावर ट्रॉली उडाली, तुकडा वर निघाला, दांडा डांबरात रुतला आणि ट्रॉली आडवी होऊन नालीत गेली. वर कापसावर बारा वर्षांची मुलगी बसली होती. आई वेचणीला होती, म्हणून तीही बरोबर आलेली. मुलगी वाचली. पण तिचा उजवा हात आजही कोपरात सरळ होत नाही. लिहिते डाव्या हाताने. अक्षर मात्र छान आहे तिचे.

ट्रॉलीवर माणसे बसवू नयेत, असे कायदा सांगतो. मजुरांना शेतात न्यायचे कसे, हा प्रश्न खरा आहे. पैसा वाचवायला लोक तसे करतात, हे मला दिसते. पण निदान दांड्यावर तरी कुणी बसू नका. पोरे तिथे हौसेने उभी राहतात. तिथून पडला तो सरळ चाकाखाली जातो.

आता साखळी. पिन तुटली किंवा निघाली, तरी ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी लागते. दोन साखळ्या घ्या. दांड्याच्या खालून एकमेकींवर फुलीसारख्या ओलांडून ट्रॅक्टरला अडकवा. पिन निघाली तर दांडा त्या फुलीवर झोळीत पडल्यासारखा पडेल, रस्त्यात रुतणार नाही. साखळी वळणाला पुरेल इतकी सैल ठेवा, जमिनीला घासेल इतकी नको. चौक्याच्या चढणीवर किंवा कन्नडच्या घाटात भरलेली ट्रॉली सुटून मागे गेली, तर मागच्या मोटारसायकलवाल्याचे काय होईल, हे मी सांगायला नको. दोन ट्रॉल्या असतील, तर मधल्या जोडालाही पिन, क्लिप आणि साखळी हवीच. मधला जोड बहुतेक कुणी बघत नाही.

आता खडूची गंमत सांगतो. माझा जन्म खडूत गेला, पण त्याचा हा उपयोग मला एका वेल्डिंगवाल्याने शिकवला. ट्रॉलीचा दांडा जिथे चेसिसला वेल्ड केलेला असतो, तिथे बारीक चीर पडते. डोळ्यांना दिसत नाही. ती जागा घासून स्वच्छ करा. तिच्यावर रॉकेल लावा. रॉकेल नसेल तर डिझेल. थोडा वेळ थांबा. मग फडक्याने अगदी कोरडे पुसा आणि वरून पांढरा खडू फासा. चीर असेल तर आत गेलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळपट ओली रेघ उमटते. आपण पाटीवर रेघ ओढतो, इथे लोखंड स्वतः रेघ ओढते! रंगावर गंजाची तांबडी रेघ दिसली, तरी तिथे चीर आहे असे समजा. अशा चिरेवर नुसता वेल्डिंगचा थर चढवून उपयोग नाही. चीर पूर्ण घासून काढून, मग वेल्ड करून, वर लोखंडी तुकड्याचा जोर द्यावा लागतो. हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि हंगामाच्या मध्यात एकदा ही परीक्षा घ्यावी.

ट्रॉली डुलत असेल, तर आधी माल कुठे भरला ते बघा. मग दोन्ही टायरांची हवा सारखी आहे का ते बघा. टकटक आवाज येत असेल, तर पिन आणि भोक बघा. जोडल्यावर ट्रॉलीचा तळ सपाट दिसला पाहिजे. तोंड वर असेल तर माल मागे सरकतो, आणि गाडी उलाळ!

कारखान्याच्या काट्यावर पावती मिळते. तिच्यावर भरलेले वजन आणि रिकामे वजन, असे दोन आकडे असतात. मोठ्यातून धाकटा वजा केला की मालाचे वजन निघते. वजाबाकी आपली झाली आहे. तेव्हा पावती ड्रायव्हरच्या खिशात जाऊ देऊ नका, वाचा. ट्रॉली किती वजनाची आहे ते नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेले असते. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी असते. तेही पुस्तक वाचा.

जोडणी दोन माणसांनी करावी. एकाने ट्रॅक्टर मागे घ्यावा, दुसऱ्याने बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असे उभे राहावे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधे कुणी नको. ट्रॅक्टर थांबला, ब्रेक लागला, इंजिन बंद झाले, मग मधे जाऊन पिन घालायची. भोक जुळते का हे बोट घालून बघू नका. बोट जाते.

सोडताना आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांड्याखाली टेकू द्या. मग क्लिप काढा. पिन अडकली असेल तर हातोड्याने ठोकत बसू नका, ट्रॅक्टर बोटभर पुढे-मागे घेतला की ती सैल होते. भरलेली दोन चाकी ट्रॉली टेकूवाचून कधी सोडू नका, दांडा पायावर येतो. आणि पिन काढली की ती घरात किंवा खिशात नेऊ नका. टोचन पट्टीच्या भोकात परत घाला आणि क्लिप लावून ठेवा. सकाळी ती शोधावी लागणार नाही, आणि घाईत कुणी सळईचा तुकडा घालणार नाही.