काजव्यांच्या वाटेवर

मित्रांबरोबर गाडीने जाऊन तंबूत मुक्काम करायचा असेल, तर अकोले तालुका गाठा. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोहोचलात की समोर प्रवरेवरचं भंडारदरा धरण. 1926 साली पूर्ण झालेलं. जलाशयाला वळसा घालत रतनवाडीला जा. तिथलं अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर घाईत पाहू नका.

मेअखेरीस, वळवाच्या सरींनंतर इथली हिरडा-सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना साद. गाडीचे दिवे किंवा बॅटरीचा झोत पडला की ती साद हरवते. म्हणून दिवे बंद ठेवा, झाडं हलवू नका. हे अभयारण्य आहे, मोठ्यानं गाणी नकोतच. तंबूसाठी आधी गावात विचारा. आणि पावसाळ्यात जवळच्या सांदण दरीत अजिबात उतरू नका, तिथे पाणी अचानक भरतं.