काचेवरचे चित्र आणि गहाळ झालेली फीत



पैसा फंडातून १९०८ साली ज्या गावी काचेचा कारखाना उभा राहिला, त्या तळेगावात प्रयोगशील दृक्‌श्राव्य कलेविषयी बोलताना आरंभ काचेपासूनच करावा, असे मला वाटले. कारण संगीत, चित्र आणि जुने दप्तर यांच्या संयोगातून सिद्ध होणारी जी कलाकृती आज परदेशी नावाने आपल्यापुढे येते, तिचे एक पूर्वरूप कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास हाताने रंगविलेल्या काचांवर साकार केले होते. आपल्या चित्रदीपाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. शंबरासुराच्या मायेचे स्मरण देणारे ते नाव उच्चारताच निम्मा खेळ होऊन जात असावा! एकाच पात्राच्या निरनिराळ्या मुद्रा निरनिराळ्या काचांवर रंगवावयाच्या, त्या दिव्यासमोर झरझर पालटावयाच्या, आणि पडद्यावर हात उचलल्याचा भास होत असतानाच निवेदन, संवाद व गायन यांनी सारा अंधार भरून टाकावयाचा, अशी ती योजना होती.

याच कुळीचा, परंतु अधिक दुर्घट प्रयोग चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ च्या सुमारास मुंबईत केला. नेहरू शिष्यवृत्तीच्या रकमेतून कलावंतांसाठी कार्यशाळा उघडणाऱ्या या गृहस्थाने आपल्याच एका तैलचित्रातील आकार रंगीत प्रकाशाच्या साहाय्याने पुन्हा उभे करून ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ ही सोळा मिलिमीटरची चिमुकली फीत तयार केली, आणि तिला गीता साराभाई यांच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड दिली. प्रत एकच होती. ती गहाळ झाली. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत आपल्या बहुतेक मूकपटांची हीच गत झाली होती, आणि कित्येक फिती तर केवळ त्यांतील चांदीच्या लोभाने नष्ट करण्यात आल्या.

पुढे २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी ऐंशी उलटलेल्या पदमसींना सोबत घेऊन, जुन्या चित्रफिती आणि त्यांचे स्वतःचे कथन एकत्र गुंफून, हरवलेल्या कृतीभोवती नवी कृती रचली. तिचे मोल मला वाटते ते तिच्या कबुलीत: जे गेले ते गेले, असे ती मानते, आणि नव्याने घडविलेल्या दृश्यांना जुन्याचा बनावट दाखला जोडीत नाही. एरवी हल्ली जुन्या चित्रफितींची भाजी करून वर सतारीची कोथिंबीर भुरभुरण्याचा जो उद्योग चालतो, त्यात दप्तराला साक्षीस बोलावलेलेच नसते. ते बिचारे वऱ्हाडातल्या दूरच्या मामासारखे नुसते फेटा बांधून उभे असते.

आता व्यवस्थापकांनी दिवे मालवावेत. घरच्या पेटीतल्या तीन जुन्या काचा मी सोबत आणल्या आहेत. पहिलीला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे; मागे बसलेल्या मंडळींना ती आभाळातली वीज वाटेल, पण तो तडाच आहे.